लोर्नाचा शेवटचा दगड

ओरिसिया हारासिम "विचार करून सांगते" असं म्हणाली, तेव्हा रिंकच्या समितीतल्या चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ड्रेव्हर गावात लहानथोर सगळ्यांना एवढं पक्कं ठाऊक होतं, की ही बाई विचार आधी करते, तोंड मग उघडते, आणि उघडलं की त्यातून 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एक शब्द बाहेर पडतो. तिसरा शब्द तिच्याकडे नसतोच.

आणि प्रश्न तरी काय होता? गावच्या कर्लिंग रिंकला, म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत खेळायच्या शेडला, नवं पत्र्याचं छप्पर बसलं होतं. येत्या मार्चमध्ये ओरिसियाने प्रांताचं अजिंक्यपद जिंकलं त्याला पन्नास वर्षं पुरी होत होती. दोनशे वस्तीच्या गावातून असा विजेता एकदाच निघालेला. तेव्हा रिंकला तिचं नाव द्यायचं, हायवेवर पाटी ठोकायची आणि हॉलमध्ये सगळ्या गावाने जेवायचं, एवढाच बेत होता. बेत टेरिलिनचा. ही टेरिलिन धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर बसते, हिवाळ्यात रिंकचं अध्यक्षपद सांभाळते, आणि एकदा हातात घेतलेलं काम देवालासुद्धा सोडवू देत नाही.

"विचार कसला करायचाय त्यात, मिसेस हारासिम?" टेरिलिन म्हणाली. "पाटी रंगवायला दिलीसुद्धा मी."

"मग रंग वाळायच्या आत सांग रंगाऱ्याला थांबायला."

"अहो, पण का?"

"सांगते म्हटलं ना."

ओरिसियाने चौघींना खसखशीच्या केकचा एकेक तुकडा कागदात बांधून दिला आणि दार लावून घेतलं. मग खिडकीशी बसून ती तेच करू लागली, जे गेली पन्नास वर्षं करत आली होती. आठवू लागली, आणि नेहमीसारखीच घोटाळ्यात पडली.

तिचा बाप इव्हान युक्रेनमधून आला तो हातात काही न घेता, आणि ड्रेव्हरच्या उत्तरेला सात मैलांवर दगडगोट्यांची जमीन घेऊन बसला. रिंक तेव्हा स्कॉटिश लोकांची. खेळायचे ते, निवाडे करायचे ते, चहा प्यायचे ते. इव्हानला त्यांनी बोलावलं पाणी वाहायला. शेडच्या फरशीवर पाण्याचे थर ओतून बर्फ धरायचा, आणि तो घट्ट झाला की पाठीवर डबा बांधून, उलट्या पावली चालत, त्यावर कोमट पाण्याचे बारीक थेंब शिंपडायचे. थेंब गोठले की बर्फाच्या अंगावर घामोळ्यासारख्या पुळ्या उठतात. त्यांच्यावरून दगड पळतो. नुसत्या गुळगुळीत बर्फावर तो अर्ध्या वाटेत बसतो. हे काम येईल त्याला येतं. इव्हानला आलं, आणि त्याच्या मागे लुडबुडणाऱ्या ओरिसियालाही आलं.

खेळ मात्र ती तळ्यावर शिकली. जॅमच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून गोठवायचं, वर तारेचा कान बसवायचा, की झाला दगड. पाच भावंडांत ती एकटी अशी, की डबा सोडल्यावर त्याच्याकडे बघायचीच नाही. ती बर्फाकडे बघायची. डबा कुठे वळेल हे तिला डब्याआधी कळायचं. भाऊ म्हणायचे, हिच्याशी खेळण्यात काही मजा नाही.

बापाने तिला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, थेंब शिंपडताना थांबायचं नाही. दुसरी, बर्फावर केर दिसला की उचलायचा, कोणाच्या झाडूचा आहे ते विचारायचं नाही. त्या वेळी झाडू गवताचे असत, लांब दांड्याचे. दगडाच्या पुढे धावत दोघीजणी ते बर्फावर आपटत सुटल्या, की दगड लांब जायचा आणि झाडूंच्या काड्या मागे पडायच्या. अशी एक काडी दगडाखाली आली, की चांगला चाललेला दगड अडखळतो, मान वाकडी करतो आणि बसतो. त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. नशीब म्हणतात आणि पुढे खेळतात.

सतराव्या वर्षी गावच्या बायकांच्या संघात एक जण कमी पडली म्हणून थेल्मा गुनारसनने तिला उचललं. थेल्मा टपाल कचेरी चालवायची आणि खेळातल्या रीतिभातींची तर पोलिसच होती. "जिंकल्यावर उड्या मारायच्या नाहीत," ती सांगायची. "जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा आणि त्याच टेबलाशी बसायचं. आपली चूक आपण बोलायची, कोणी विचारायची वाट बघायची नाही. आणि समोरच्या बाईने खाचेत पाय ठेवला, की तू खांब. शिंक आली तरी गिळायची." खाच म्हणजे बर्फात बसवलेला रबराचा ठोकळा. त्याला पाय लावून रेटा घ्यायचा आणि दगड सोडायचा. एकदा पाय तिथे गेला, की पलीकडच्या टोकाला कोणी हलणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा.

बाविसाव्या वर्षी ओरिसियाने नेस्टर हारासिमशी लग्न केलं. नेस्टर देवमाणूस, पण घरातली इकडची काडी तिकडे न करणारा. तरी हिवाळ्यात आठवड्याचे तीन दिवस तो दोन्ही पोरांना उकडलेले बटाटे आणि डब्यातले वाटाणे खायला घालायचा आणि बायकोला ट्रकने रिंकवर सोडायचा. चोविसाव्या वर्षी थेल्माने कप्तानपद आपण होऊन तिच्या हातात दिलं आणि स्वतः तिच्या हाताखाली खेळू लागली. अशा तऱ्हेने पाणक्याची पोर स्कॉटिश लोकांच्या रिंकची कप्तान झाली, आणि एकोणतिसाव्या वर्षी, सहासष्ट सालच्या मार्चमध्ये, प्रांताच्या अंतिम सामन्यात उभी राहिली. समोर ग्रेंजर गावची लोर्ना पेटिग्रू होती, शाळामास्तरीण, उंच, सडपातळ, गेल्या दोन वर्षांची विजेती.

तो सामना ओरिसियाला सगळा आठवतो. नऊ फेऱ्यांतला एकेक दगड ती अजूनही जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या बाटल्या मांडून दाखवू शकते. आठवत नाहीत ते शेवटचे पाच-सात क्षण, आणि नेमके तेवढेच तिला हवे आहेत.

गुण बरोबरीत होते. शेवटची फेरी. बर्फाखाली रंगवलेल्या वर्तुळांना आमच्यात घर म्हणतात, आणि घराच्या मध्याशी ज्याचा दगड सर्वांत जवळ, गुण त्याचा. ओरिसियाचा शेवटचा दगड अगदी मध्याला खेटून बसला होता. आता उरला होता एकच दगड, लोर्नाचा. तिने तो त्याहून जवळ आणला की सामना तिचा. अशी फेक लोर्ना झोपेतही करायची.

ओरिसिया घराच्या मागे जाऊन उभी राहिली. समोर घरात लोर्नाची उपकप्तान रोझमेरी निशाणीसाठी झाडू धरून उभी होती. त्या टोकाला लोर्ना रुमालाने दगडाचं बूड पुसत होती. आणि तेव्हा ओरिसियाला घराच्या पुढे, पाच पावलांवर, बर्फावर पिवळं काहीतरी दिसलं.

काडी होती. की दिव्याची तिरीप होती? काडीच होती. पाच पावलं टाकायची आणि उचलायची, झालं. बापाने सांगितलेलं. पण लोर्नाने खाचेत पाय ठेवला, आणि ओरिसिया खांब झाली.

आता घोटाळा इथे आहे. तिला काडी दिसली ती लोर्नाचा पाय खाचेत जायच्या आधी की नंतर? नंतर दिसली असेल, तर तिने रीत पाळली, काही चुकलं नाही. आधी दिसली असेल, तर ती जाणूनबुजून गप्प उभी राहिली. मध्ये जेमतेम एक श्वास गेला असेल. त्या एका श्वासात बाई खरी की खोटी ते ठरत होतं.

दगड निघाला. चांगला पळताना दिसला. रोझमेरीने ओरडून झाडणाऱ्या दोघींना झाडू वर करायला लावले, म्हणजे झाडू नका, आपसूक येतोय. दगड त्या जागेवरून गेला, मान वाकडी केली, मंदावला, आणि मध्याच्या दीड हात अलीकडे बसला.

थेल्माने तोंडावर हात ठेवला. बाकीच्या दोघी रडू लागल्या. ओरिसिया जिंकली होती, आणि तिचे पाय आपोआप त्या पिवळ्याकडे गेले. ती वाकली आणि तिने काडी उचलली. रोझमेरीने पाहिलं. "हे बघ," ती लोर्नाला म्हणाली, "काडी लागली आपल्याला. मी म्हटलंच, एवढा चांगला दगड बसेल कसा." लोर्नाने हातमोजा काढला, ओरिसियाचा हात हातात घेतला आणि "छान खेळलीस" म्हणाली, रीतीप्रमाणे. मग सगळ्या एका टेबलाशी बसल्या, ओरिसियाने पहिली व्हिस्की लोर्नाला पाजली, आणि बोलणं सगळं काडीचं झालं. काडी आधी दिसली होती, हे बोलायला ओरिसियाने दोनदा तोंड उघडलं. पण दिसली होती ना नक्की? आणि केव्हा? तिला तेव्हाच सांगता येईना, आणि सामन्याला अजून तास झाला नव्हता.

गावाने तिला अग्निशामक बंबावर बसवून मिरवलं. हॉलमध्ये बटाटा भरून उकडलेल्या पेरोग्यांचे डोंगर आणि कोबीच्या पानांत भात भरलेल्या गुंडाळ्या. काडी तिने हातमोज्यातून घरी आणली आणि गुंड्यांच्या डब्यात टाकली. का आणली, हे तिलाही कळलं नाही.

त्यानंतर देशाच्या स्पर्धेत तिचं पार हसं झालं. नऊपैकी सात सामने हरली. बर्फ वाचणारी ओरिसिया आता बर्फावर नुसत्या काड्या शोधत होती. समोरची बाई खाचेकडे निघाली, की ही हात वर करून "थांब हं" म्हणायची, वाकायची, काहीतरी उचलायची, पुष्कळदा काही नसतानाच. पुढे प्रांतात तिचं नावच 'थांब-हं' पडलं. लोक म्हणायचे, काय प्रामाणिक बाई, समोरच्याचासुद्धा रस्ता साफ करते. हे ऐकलं की ओरिसियाला घास गिळवत नसे. आणखी बारा वर्षं ती खेळली, तीनदा अंतिम सामन्यात पोचली आणि तीनदा हरली. मग गवताचे झाडू गेले, ब्रशासारखे आले, काड्या पडायच्या थांबल्या. हिचं वाकणं काही थांबलं नाही.

बाप गेल्यावर रिंकचा बर्फ तिने हाती घेतला, तो आजतागायत. गावातली अर्धी माणसं तिच्या हाताखाली खेळ शिकली. आणि या सगळ्या काळात तिचं मत दर हिवाळ्याला बदलत राहिलं. एका वर्षी तिला लख्ख आठवे, की लोर्ना अजून दगड पुसतच होती. पुढच्या वर्षी तितकंच लख्ख आठवे, की लोर्ना केव्हाची वाकलेली होती. काही वर्षी तर काडी आधी दिसलीच नव्हती, ती उचलल्यानंतर मनाने मागे नेऊन ठेवली, असं वाटे. नेस्टरला तिने एकदा सांगून पाहिलं. तो ट्रॅक्टरखाली आडवा होता.

"काडीच होती ना?" तो आतून म्हणाला. "ओंडका तर नव्हता. पाना दे."

त्यानंतर पुन्हा ती नेस्टरशी या विषयावर बोलली नाही, आणि सहा वर्षांपूर्वी नेस्टरही गेला.

खरी पाचर मारून ठेवली होती ती लोर्नाने. पन्नास वर्षं दर नाताळला तिचं कार्ड यायचं. दोन ओळी हवेच्या, एक पिकाची, आणि शेवटी, सहीच्या खाली, न चुकता, "काडी कशी आहे?" पहिल्या वर्षी ओरिसिया हसली. दुसऱ्या वर्षी तिला तो टोमणा वाटला. पाचव्या वर्षी तिची खात्री झाली, की लोर्नाला सगळं कळलंय आणि ती कबुलीची वाट बघतेय. दहाव्या वर्षी वाटलं, नाही, शाळामास्तरणीचा विनोद आहे, एकदा जमला की जन्मभर वापरायचा. ओरिसियाने कधी उत्तर दिलं नाही. ती फक्त हवेचं आणि पिकाचं कळवत राहिली.

आता समजेल, ती 'विचार करून सांगते' का म्हणाली ते. हायवेवर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला दिसेल असं, हातभर अक्षरांत नाव लागणार होतं. आपली चूक आपण बोलायची, हे तिने या गावातल्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं. आणि स्वतःची चूक झाली की नाही हेच तिला माहीत नव्हतं. ती हो म्हणू शकत नव्हती, आणि नाही म्हणायलाही तिच्याकडे कारण नव्हतं.

टेरिलिनने महिनाभर वाट पाहिली. मग तिने तिच्या परीने उपाय काढला. ओरिसियाला न विचारता ग्रेंजरला फोन लावला.

पाटी अडली तरी जेवणाची तारीख हलली नव्हती. त्या दिवशी दुपारी ओरिसिया रिंकवर थेंब शिंपडून उभी होती. गुडघा ठणकत होता. बाजूचं दार उघडलं, आणि काठी टेकत एक उंच म्हातारी आत आली. अंगात पुरुषाचा कोट होता आणि डोक्यावर लोकरीची टोपी.

"गाडी मी स्वतः चालवत आणली," ती म्हणाली. "माझ्या मुलाला कोणी सांगितलंत तर बघा. तो म्हणतो त्र्याऐंशीव्या वर्षी शोभत नाही."

"लोर्ना," ओरिसिया म्हणाली.

"टोपी काढू का? तेव्हा केस लाल होते, ओळख पटणार नाही. काडी कशी आहे?"

ओरिसियाने डबा खाली ठेवला. पन्नास वर्षं ज्याची तयारी केली होती, ते बोलणं काही तिच्या तोंडातून निघेना. निघालं ते असं, "गुंड्यांच्या डब्यात आहे. लोर्ना, ती मला आधी दिसली होती."

"कशाच्या आधी?"

"तू दगड सोडायच्या आधी. म्हणजे, तुझा पाय खाचेत गेल्यावर दिसली असेल. किंवा जायच्या आधी. मला नक्की सांगता येत नाही गं, पण दिसली होती. उचलता आली असती. मी उभी राहिले."

लोर्ना बाकावर बसली. तिने दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले आणि बराच वेळ ओरिसियाकडे पाहिलं. ओरिसियाला वाटलं, आता ही बोलणार, मला ठाऊक होतं.

"तू यासाठी पाटी अडवून धरलीस?" लोर्ना म्हणाली. "ती वजनकाट्यावरची मुलगी फोनवर रडायच्या बेताला आली होती."

"मग काय करू?"

"काडीने काही झालं नाही, ओरिसिया. दगड हलका होता."

"काय?"

"हलका. हातातून निघाला तेव्हाच कळलं मला. वेग कमी पडला होता. वरून बरा दिसत होता, म्हणून रोझमेरी फसली आणि तिने झाडू वर करायला लावले. मी ओरडायला हवं होतं, झाडा म्हणून. दोघी तगड्या मुली होत्या, त्यांनी झाडून नेला असता. मी तोंड उघडलं. आवाजच आला नाही."

"का?"

"ते मला माहीत असतं तर मी एवढ्या लांब गाडी मारत आले असते? भीती वाटली असेल. दोन वर्षं जिंकले होते, वाटलं असेल, ओरडले तर सगळ्यांना कळेल माझा हात चुकला. काय वाटलं ते देवाला माहीत." तिने नाक पुसलं. "मग रोझमेरी एवढंएवढंसं तोंड करून उभी, तिला वाटत होतं तिच्या हाकेने सामना गेला. आणि तू वाकलीस आणि काडी उचललीस. तुझा मुका घ्यावासा वाटला मला. रोझमेरी सुटली, मी सुटले. ग्रेंजरमध्ये अजून सांगतात, लोर्नाला काडीने हरवलं. मी कधी नाही म्हटलं नाही. रोझमेरी गेली तीसुद्धा काडीलाच शिव्या देत."

ओरिसियाला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला राग आला. कोणीतरी घरात शिरून तिचं सामान दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावं तसं झालं. "दगड वळला होता," ती म्हणाली. "बरोबर काडीच्या जागी. मी डोळ्यांनी पाहिलं."

"हलका दगड शेवटी वळतोच. हे मी तुला शिकवू?"

"पण एवढा नाही वळत."

"वळतो."

"मग कार्डावर काय ते लिहायचीस दर वर्षी? काडी कशी आहे, काडी कशी आहे?"

"मला वाटायचं तुला कळलंय," लोर्ना म्हणाली. "तू बर्फ वाचणारी. तुला माझा हलका दगड कळला नसेल? मला वाटायचं, एक दिवस ही लिहील, कसली काडी लोर्ना, तुझाच हात चुकला. आणि तू आपली मला गव्हाचे भाव कळवतेस."

ओरिसिया विचार करत होती. ही खरं सांगतेय, की आमच्या खेळातल्या बायका सांगतात तसं, समोरच्याचं मन राखायला? लोर्नाच्या तोंडाकडे बघून काही कळेना.

"तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगत असलीस तर..."

"या वयात लोकांना बरं वाटावं म्हणून काही करायची ताकद नाही उरलेली माझ्यात. दगड आण."

"काय?"

"मध्यावर एक दगड ठेव. जिथे तुझा होता तिथे. मी टाकते."

दोघींनाही आता वाकून दगड सोडणं शक्य नव्हतं. त्यासाठी रिंकवर लांब काठी असते, टोकाला दगडाचा कान अडकतो, आणि उभ्यानेच चालत चालत दगड पुढे ढकलून सोडायचा. ओरिसियाने मध्याला खेटून एक दगड ठेवला आणि ती घराच्या मागे गेली. त्या टोकाला लोर्ना खाचेपाशी उभी राहिली आणि तिने पाय टेकवला.

आणि ओरिसियाला बर्फावर, घराच्या पुढे, काहीतरी दिसलं. लाल, बारीक.

"थांब हं," ती ओरडली.

लोर्ना थांबली. ओरिसिया लंगडत पुढे गेली, वाकली आणि उचललं. तिच्याच हातमोज्याचा लोकरीचा धागा होता. तो तिने कोटाच्या खिशात घातला. पण परत घराच्या मागे काही ती गेली नाही. भिंतीशी टेकवलेला ब्रश घेऊन ती बर्फाच्या मधोमध, दगड येईल त्या वाटेच्या कडेला उभी राहिली.

"हे काय करतेस?" लोर्नाने विचारलं.

"झाडू नको का कोणी?"

लोर्नाने दगड सोडला. ओरिसियाने तो पाहिला आणि तिला कळलं, हलका आहे. पुढच्याच क्षणी वाटलं, नाही, बरोबर आहे. आणि तेवढ्यात शेडच्या त्या टोकाहून आवाज आला, चिरका, तुटका, शाळेच्या मैदानावर पोरांना हाका मारणाऱ्या बाईचा. "झाड. झाड, ओरिसिया, झाड."

एकोणऐंशी वर्षांच्या बाईने ज्या गुडघ्याने करू नये ते सगळं ओरिसियाने केलं. ती दगडाच्या पुढून उलट्या पावली सरकत झाडत राहिली, आणि लोर्ना ओरडत राहिली, दगड घरात शिरला तरी ओरडत राहिली. दगड ओरिसियाच्या दगडाच्या अंगाला घासल्यासारखा गेला आणि थांबला. दोन्ही दगड मध्याला लागून बसले.

लोर्ना काठी टेकत येईपर्यंत ओरिसियाला श्वास लागला होता. कोणाचा जवळ, ते डोळ्यांना दिसेना. एवढ्यात टेरिलिन दारातून आत आली. ओरडा तिने बाहेर ऐकला होता आणि तिला वाटलं होतं, कोणीतरी पडलं.

"मोजपट्टी आण," लोर्ना तिला म्हणाली.

टेरिलिनने काही न विचारता मोजपट्टी आणली, गुडघ्यांवर बसली आणि दोनदा मोजलं. "हा," ती म्हणाली, आणि लोर्नाच्या दगडावर हात ठेवला. "बोटभर."

ओरिसियाने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. "छान खेळलीस."

लोर्नाने हात धरला, पण सोडला नाही. ती रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत होती. "खरं सांग," ती म्हणाली. "दगड तेवढा जाणारच होता, की तू मुद्दाम जास्त झाडलंस?"

ओरिसियाने विचार केला. ती काय बघून झाडत होती? दगड हलका आहे हे तिला दिसलं होतं, ते लोर्ना ओरडायच्या आधी की नंतर? तिने तो क्षण पकडायला पाहिला, आणि तो आत्ताच निसटला होता.

"काय माहीत," ती म्हणाली.

"म्हणजे आता पन्नास वर्षं मी हाच विचार करत बसू?"

"बस."

टेरिलिन मोजपट्टी हातात धरून दोघींकडे बघत होती. तिला यातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण हातातलं काम ती सोडणारी नव्हती. "मिसेस हारासिम," तिने हळूच विचारलं, "आणि पाटीचं काय?"

"हो," ओरिसिया म्हणाली.

मग तिघी वरच्या खोलीत गेल्या. टेरिलिन कपाटातली व्हिस्की काढून ओतू लागली, तर लोर्नाने बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"तू नाही," ती म्हणाली. "जिंकले मी आहे." आणि तिने पहिला पेला भरून ओरिसियापुढे ठेवला.